पक्षाचा ब्रँड आणि साबणाचा ब्रँड: कामात नेमका फरक कुठे पडतो?

धरमपेठी_फलक

‘पक्ष हा ब्रँड आणि नेता हे प्रॉडक्ट’ हे वाक्य इतकं घासून झालंय की त्यावर कोणी थांबून विचारच करत नाही. नागपुरात तर दोन्ही कामं एकाच हातून जातात. ज्या मशीनवर सकाळी सराफाच्या ऑफरचं फ्लेक्स निघतं त्याच मशीनवर दुपारी ‘भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. डिझायनर तोच, ऑटोवर भोंगा बांधणारा तोच, जिंगलमधला आवाजही बरेचदा तोच. हत्यारं सारखी आहेत यात वाद नाही. कंपनीची जाहिरात करणाऱ्याने प्रचाराचं काम घेतलं तर त्याचे कोणते हिशोब चुकतात, एवढ्यावर इथे बोलू. कुठला पक्ष चांगला यावर बोलायला दुसरे धागे आहेत.

माझं मत आधी मांडतो. कंपनीची जाहिरात शेवटी दुकानाच्या फळीवर जाऊन थांबते आणि तिथलं पाकीट कंपनीचं असतं. रंग, अक्षर, आकार, सगळं तिच्या हातात. निवडणुकीतलं पाकीट मात्र आयोग छापतो. यंत्रावरच्या मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव, फोटो आणि चिन्ह, बस्स. घोषणा नाही, पक्षाचा रंग नाही, मोठ्या नेत्याचा चेहरा नाही. क्रमही आपला नाही: आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. एका बॅलट युनिटवर ‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) धरून १६ नावं बसतात. त्याहून जास्त झाली की शेजारी दुसरं युनिट. म्हणजे दोन महिने जो भगवा, निळा, हिरवा, तिरंगा डोळ्यांत भरवला तो शेवटच्या दहा सेकंदांत गायबच. उरतं एक छोटं चित्र.

दुसरा फरक वाट्याचा. बाजारात दहा टक्के वाटा मिळाला तर कंपनी पेढे वाटते. मतदारसंघात दहा टक्के मतं मिळाली तर अनामतही जाते, कारण ती वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. त्यामुळे ‘आपला ठरावीक गिऱ्हाईक सांभाळा, बाकीच्यांना सोडा’ हा जाहिरातवाल्यांचा लाडका सल्ला इथे बुडवतो.

चिन्ह, फ्लेक्स, खर्च, मोबाइलवरच्या जाहिराती: ज्याचं जे काम त्याने ते सांगावं.

रेघ_जाड_ठेवा

चिन्हाचं सांगतो. लोगो आणि चिन्ह यांत गोंधळ करू नका. लोगो रंगात ओळखला जातो, चिन्ह काळ्या-पांढऱ्यात आणि जेमतेम दोन सेंटीमीटरात ओळखलं गेलं पाहिजे. विधानसभा-लोकसभेला व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिच्यावरही अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह एवढंच, तेही रंगाविना.

चाचणी सोपी आहे. आयोगाच्या यादीतलं मूळ चित्र घ्या, डिझायनरने ‘सुधारलेलं’ नको. दोन सेंटीमीटरात छापा, झेरॉक्स काढा, झेरॉक्सची झेरॉक्स काढा, अशी तीनदा. मग तो कागद हाताच्या अंतरावर धरून चष्मा न लावलेल्या साठीच्या माणसाला विचारा, हे काय आहे? एका शब्दात उत्तर आलं तर चिन्ह चाललं. ‘काहीतरी धरून उभा आहे कोणी’ असं आलं तर सगळ्या प्रचारसाहित्यावर ते चित्र दुप्पट आकाराचं करा आणि नाव दर वेळी सोबत बोला.

२०२४ च्या लोकसभेत हे साताऱ्यात दिसलं. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. मुक्त चिन्हांच्या यादीत ट्रम्पेट होतं आणि त्याचंही मराठी नाव ‘तुतारी’ असंच छापलेलं. साताऱ्यात ट्रम्पेटवाल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. निकालातला फरक ३२,७७१ चा. दिंडोरीत ट्रम्पेटला लाखाच्या वर मतं गेली, तिथे फरक मोठा असल्याने निकाल बदलला नाही. ही सगळी मतं चुकूनच पडली असं कोणी सिद्ध करू शकत नाही. पण यंत्रावर पोचल्यावर ‘तुतारी’ हा शब्द कानात असलेला माणूस दोन चित्रांत निवड कशी करतो ते समजायला एवढं पुरे. प्रचारात चिन्हाचं नाव तोडून बोललं की हे होतं. भाषणात ‘तुतारी, तुतारी’ आणि मतपत्रिकेवर माणूस.

इतवारी_ठोक

सगळं पटलं, पण एक सांगा राजेहो. नागपुरात हल्दीराम आहे, दिल्लीत हल्दीराम आहे, तिकडं कोलकात्यातही आहे. घर वेगळं झालं तरी नाव साऱ्यांनी वापरलं, मुलूख वाटून घेतले. मंग पक्ष फुटला तं चिन्ह एकालाच काहून भेटते? अर्धं-अर्धं काहून नाही?

परिच्छेद_पंधरा

इतवारी भाऊ, प्रश्न बरोबर जागी लागला. हल्दीरामचं नाव ही मालमत्ता आहे. ती वाटता येते, विकता येते, भाड्याने देता येते. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा. कोणी मिळतंजुळतं नाव लावलं तर कोर्टात जाऊन थांबवता येतं, नुकसानभरपाई मागता येते. दिल्ली आणि कोलकात्याच्या शाखांत नावावरून वर्षानुवर्षं खटले चालले, आणि नागपूर-दिल्लीवाल्यांनी मात्र पाकीटबंद मालाचा धंदा एकत्र आणायचं ठरवलं. मालमत्ता आहे म्हणूनच दोन्ही शक्य झालं.

चिन्ह पक्षाचं नसतं, आयोगाने राखून दिलेलं असतं. त्याचा आधार १९६८ चा चिन्ह आदेश. पक्षात फूट पडली की परिच्छेद १५ खाली आयोग ठरवतो की खरा पक्ष कोणता गट, किंवा कोणताच नाही. काँग्रेसच्या १९६९ च्या फुटीनंतर बैलजोडीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सादिक अली प्रकरणात १९७१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की चिन्ह ही सहमालकांत वाटून घ्यायची मालमत्ता नाही. म्हणून धनुष्यबाण १७ फेब्रुवारी २०२३ ला एका गटाकडे गेला आणि ठाकरे गटाकडे मशाल राहिली; घड्याळ ६ फेब्रुवारी २०२४ ला अजित पवारांकडे गेलं आणि दुसऱ्या बाजूला नवीन चिन्ह घ्यावं लागलं. मशालीवर समता पार्टीने हक्क सांगितला होता, तोही दिल्ली उच्च न्यायालयात टिकला नाही.

मुलूख वाटण्याचा प्रकार मात्र इथेही आहे, फक्त तो राज्यांचा. धनुष्यबाण महाराष्ट्रात शिवसेनेचा आणि झारखंडमध्ये झारखंड मुक्ती मोर्चाचा. सायकल उत्तर प्रदेशात समाजवादी पक्षाची, आंध्रात तेलुगू देसमची. हत्ती बसपचा, पण आसामात नाही, कारण तिथे तो आसाम गण परिषदेचा. बिहारमध्ये आयोगाने शिवसेनेला धनुष्यबाण नाकारला, कारण तिथे जदयूचा बाण आहे आणि दोन्ही सारखे दिसतात. साताऱ्यात जी अडचण झाली ती बिहारमध्ये आधीच ओळखली गेली होती.

व्यवहारात याचा अर्थ असा: कंपनी बोधचिन्हावर पन्नास वर्षं पैसे घालते कारण ते तिचं आहे. पक्षाने चिन्हावर घातलेला पैसा एका आदेशाने दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतो. म्हणून फुटीनंतर हुशार पक्ष चिन्हापेक्षा नाव, चेहरा आणि घोषणा यांवर जोर देतात. चिन्ह फक्त निवडणुकीपुरतं पाजळायचं.

चार_बाय_आठ

आता फ्लेक्सकडे या, कारण नागपुरात जाहिरात म्हटली की आधी फ्लेक्सच. वर्धा रोडवर २० बाय १० फुटांचं होर्डिंग धरा. गाडी ताशी ५० ने येतेय, म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. वाचायला चार सेकंद दिले तर ५६ मीटर, सुमारे १८० फूट. आरामात वाचायचं असेल तर दर दहा फुटांना एक इंच अक्षर, म्हणजे १८ इंच उंचीचं अक्षर हवं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. त्यामुळे १८ इंचाच्या अक्षराची ओळ ३० इंच खाते.

होर्डिंगची उंची १२० इंच. वरची नेत्यांची रांग ३० इंच, खालची ‘शुभेच्छुक’ पट्टी १८ इंच. उरले ७२. म्हणजे दोन ओळी, तिसरी नाही. रुंदी २४० इंच, त्यातला उमेदवाराचा फोटो ८० खातो. उरलेल्या १६० इंचांत एका ओळीला दहा अक्षरं. ‘सर्वसामान्यांचा हक्काचा माणूस’ मोजा: बारा अक्षरं आणि दोन मोकळ्या जागा. एका ओळीत बसत नाही. मग डिझायनर अक्षर बारीक करतो आणि १८ चं ९ होतं. ते फक्त सिग्नलला थांबलेल्यालाच वाचता येतं.

कंपनीच्या होर्डिंगवर हे होत नाही, कारण तिथे वरची रांगच नसते. साबणाच्या जाहिरातीत वर मालकाचा, त्याच्या वडिलांचा आणि जिल्हा वितरकाचा गोल फोटो टाकत नाही कोणी. मात्र ही रांग काढा म्हणून सांगणाऱ्या डिझायनरला दुसऱ्या दिवशी काम मिळत नाही. कारण ती मतदारासाठी नसतेच. ती वरच्यांसाठी असते: कोणाचा माणूस, कोणत्या गटाचा, कोणाला डावललं. गोलाचा आकार आणि डावीकडून क्रम हा लेखी मागवून घ्या, तोंडी नको. शहराध्यक्षाचा गोल आमदाराच्या गोलापेक्षा अर्धा इंच मोठा झाला म्हणून अख्खा लॉट परत येतो.

नेहमीचे बिघाड: फोटो व्हॉट्सॲपवर येतो. व्हॉट्सॲप साधारण १६०० पिक्सेलवर आणून ठेवतं. चार फुटांचा चेहरा ७२ डीपीआयने (इंचाला ७२ ठिपके) छापायचा तर ४८ गुणिले ७२, म्हणजे ३४५६ पिक्सेल हवेत. अर्धेही नाहीत, चेहरा फुटतो. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. दुसरं, होर्डिंगच्या उंचीवर फ्लेक्सला दोन-दोन फुटांवर रिंगा हव्यात. चारच कोपऱ्यांना दोरी बांधली की वैशाखातल्या वावटळीत पहिल्याच झटक्याला शीड होतं. वाऱ्यासाठी अर्धगोल चिरा पाडायच्या तर चेहरा आणि चिन्ह सोडून.

निळ्याचा_जांभळा

वरच्यात रंगाची भर घालते. मोबाइलवर दिसणारा रंग प्रकाशाचा असतो, फ्लेक्सवरचा शाईचा. सगळ्यात जास्त फसतो तो निळा, आणि नागपुरात निळा फसून चालत नाही. १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला शहरात जांभळट फ्लेक्स दिसतात, त्याचं कारण एकच: सायन (आकाशी शाई) १०० आणि मॅजेन्टा (गडद गुलाबी शाई) पण १०० च्या जवळ. स्क्रीनवर तो गडद निळा दिसतो, मशीनवर वांगी रंग निघतो. मॅजेन्टा सायनपेक्षा किमान ३० अंकांनी खाली ठेवा. भगव्याचं उलटं: पिवळा १०० धरून मॅजेन्टा ६० च्या आसपास. ७५-८० च्या पुढे गेला की शेंदरी होतो, ५० च्या खाली संत्र्याच्या सालीचा.

कंपनीकडे रंगाचं लेखी मापदंडांचं पुस्तक असतं. पक्षाच्या कार्यकर्त्याकडे मागच्या वर्षीच्या फ्लेक्सचा फोटो असतो, तोही सूर्यास्ताचा. म्हणून एक फूट बाय एक फुटाचा नमुना त्याच मशीनवर, त्याच थानावर काढा, उन्हात नेऊन दाखवा, मागे सही घ्या. ट्यूबलाइटखाली पास केलेला रंग उन्हात परत येतो.

कलम_१२७क

कायद्याची बाजू. कंपनीच्या पत्रकावर छापणाऱ्याचं नाव नसलं तरी फारसं कोणी विचारत नाही. प्रचाराच्या पत्रकावर ते नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम १२७क लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. छापायच्या आधी प्रकाशकाचं घोषणापत्र दोन प्रतींत घ्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीच्या सह्या. छापून झाल्यावर तीन दिवसांत चार प्रती, घोषणापत्र, प्रतींची संख्या आणि आकारलेली रक्कम हे सगळं जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. अडकतो तो छपाईवाला, उमेदवार नंतर. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी आयोगाने होर्डिंगवरही छापणारा आणि प्रकाशक दिसला पाहिजे असं बजावलं. महापालिकेला राज्य निवडणूक आयोगाचे आदेश वेगळे असतात, ते स्वतंत्र वाचा.

खर्चाने तर डिझाइनच बदलतं, हे जाहिरातवाल्यांच्या लवकर लक्षात येत नाही. २०२२ पासून महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख, लोकसभेला ९५ लाखांची मर्यादा आहे. पक्षाला मर्यादाच नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यातल्या पानभर जाहिराती बघा: मोठा नेता, मोठं चिन्ह, पण स्थानिक उमेदवाराचं नाव कुठेच नाही. ते विसरलेले नसतात. नाव किंवा फोटो टाकला की तो खर्च उमेदवाराच्या वहीत जातो. स्टार प्रचारकाच्या सभेतही मंचावर उमेदवार बसला किंवा त्याचा फलक लागला की खर्चाचा वाटा त्याच्याकडे येतो.

दरही तुमचे नाहीत. जिल्हा निवडणूक अधिकारी दरपत्रक काढतो. मित्राने फुकट छापून दिलं तरी खर्च त्या दराने धरला जातो. निरीक्षकांची माणसं व्हिडिओ काढून समांतर नोंदवही ठेवतात, आणि उमेदवाराची वही तिच्याशी ताडली जाते. एका माणसाला किंवा संस्थेला दहा हजारांपेक्षा जास्त रोख द्यायची नाही, पुढे सगळं निवडणुकीच्या वेगळ्या बँक खात्यातून. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब सादर. न दिल्यास कलम १०क खाली तीन वर्षं अपात्रता. त्यामुळे ‘बिल नंतर पाहू’ म्हणणारा गिऱ्हाईक इथे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

सदर_बाजार

खरं-खोटं कोण तपासतं? क्रीमने आठवड्यात गोरेपणा येतो म्हटलं तर तक्रार करता येते. वर्षात रोजगार देतो म्हटलं तर?

कलम_१२७क

तक्रारीला तशी जागा नाही. जाहिरात मानक परिषद १९८५ पासून आहे, पण ती व्यवसायाने स्वतःवर घालून घेतलेली शिस्त आहे आणि राजकीय जाहिराती ती घेत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होतो, पण तो वस्तू आणि सेवांना.

प्रचारात पूर्वपरवानगी आहे, तीही माध्यमानुसार. २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर टीव्हीवरची राजकीय जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. आता त्यात रेडिओ, सिनेमागृह, समाजमाध्यमं, एकगठ्ठा एसएमएस आणि ध्वनिसंदेशही आले. जिल्ह्याच्या एमसीएमसी म्हणजे माध्यम प्रमाणन आणि देखरेख समितीकडे नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवाराने प्रसारणाच्या तीन दिवस आधी, इतरांनी सात दिवस आधी अर्ज करायचा. सोबत जाहिरातीची प्रत आणि साक्षांकित संहिता दोन प्रतींत. वर्तमानपत्राला एरवी पूर्वपरवानगी नाही, पण मतदानाचा दिवस आणि आदला दिवस यांसाठी आहे. समिती धर्म-जात, बदनामी, चिथावणी हे पाहते. आश्वासन पाळलं जाईल का, हे तिचं काम नाही.

उलट एका बाबतीत प्रचाराला मोकळीक जास्त आहे. साबणवाल्याने स्पर्धकाचं नाव घेऊन त्याचा साबण वाईट म्हटलं तर मनाई हुकूम येतो. उमेदवाराला दुसऱ्या पक्षाच्या धोरणावर आणि मागच्या कामावर हवं तेवढं बोलता येतं. आचारसंहिता अडवते ती खासगी आयुष्य आणि शहानिशा न केलेले आरोप.

मानेवाडा_रिंगरोड

धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्याशी थोडा असहमत. पाकिटावर कंपनीचा ताबा असतो म्हणता, पण किराण्याच्या काउंटरवर कुठे असतो? गिऱ्हाईक एक नाव मागतं, दुकानदार ‘हे घ्या, तसंच आहे’ म्हणून ज्यात कमिशन जास्त ते देतो. कंपनी दुकानदाराला सांभाळते तसा पक्ष बूथवरचा कार्यकर्ता सांभाळतो. जाहिरातीने फक्त नाव तोंडात येतं, माल हलवतो तो हाच माणूस.

धरमपेठी_फलक

ताई, बूथ कार्यकर्त्याचं महत्त्व शंभर टक्के मान्य. पण दुकानदार शेवटच्या क्षणी समोर उभा असतो, कार्यकर्ता नसतो. मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराला बंदी, उमेदवाराचं टेबलही त्याच्या बाहेर; २०२५ पर्यंत तर ते २०० मीटरच्या बाहेर ठेवावं लागायचं. कंपनी सगळ्यात जास्त पैसा काउंटरजवळच्या मांडणीवर घालते. इथे नेमकी तीच जागा मोकळी ठेवावी लागते. तेवढ्या अंतरात मतदाराच्या डोक्यात जे उरेल ते उरेल.

चार_मतं_एक_वोटर

विधानसभेचंच बोलताय सगळे. महापालिकेत हे चौपट अवघड आहे. नागपुरात १५१ जागा आणि ३८ प्रभाग: ३७ प्रभाग चार-चारचे, एक तीनचा. मतदार एकाच वेळी अ, ब, क, ड अशा चार जागांना मत देतो. मतपत्रिकांचे रंग जागेनुसार वेगळे: अ पांढरी, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळी, ड फिकट निळी. म्हणजे तुमच्या पक्षाचा रंग आणि मतपत्रिकेचा रंग यांचा काही संबंध नाही, आणि लोक संबंध लावतात.

चार उमेदवारांचं पॅनल असलं तरी चारही याद्यांत तुमचं चिन्ह वेगवेगळ्या क्रमांकावर येतं, कारण क्रम नावांवरून लागतो. अ मध्ये दुसरं, ब मध्ये पाचवं. म्हणून ‘दोन नंबरचं बटण’ ही घोषणा पॅनलला चालत नाही. ‘चार वेळा तेच चिन्ह’ हीच ओळ चालते, आणि फ्लेक्सवर चिन्ह एकदा मोठं न छापता चार वेळा ओळीने छापलेलं जास्त उपयोगी पडतं. जिथे तीनच जागा तिथे तीन वेळा. हे कोणीतरी कॉपी-पेस्ट करताना विसरतोच.

नमुना मतपत्रिका वाटायची तर फक्त आपलं नाव आणि चिन्ह, बाकीच्या ओळी कोऱ्या. कागद हुबेहूब खऱ्यासारखा करायचा नाही. छापण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून खात्री करून घ्या.

अपक्षाचं तर विचारूच नका. विधानसभेच्या अर्जात तीन मुक्त चिन्हं पसंतीक्रमाने लिहायची असतात, पण चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. तोवर मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरतात. कुठली कंपनी पाकीट ठरायच्या आधी माल बाजारात आणेल? म्हणून पसंती लिहितानाच विचार हवा: एका रेघेत काढता येणारी वस्तू, रोजच्या बोलण्यात एका शब्दाचं नाव, आणि यादीत तिच्यासारखी दिसणारी दुसरी वस्तू नको. शिट्टी, कपबशी, बॅट बरी; माणूस काहीतरी करतोय असं चित्र नको. आणि शिट्टी मिळाली म्हणून शिट्ट्या वाटत सुटू नका, मतदाराला वस्तू देणं लाचेत बसतं. कंपनी नमुना फुकट देते, तुम्हाला ती सोय नाही.

इतवारी_ठोक

हे मात्र खरं बाप्पा. कपबशी भेटली म्हणून घरोघरी कपबशा वाटल्या तं निवडून यायच्या आधी नोटीसच.

पिनकोड_४४००१०

मोबाइलवरच्या जाहिरातींचं. कंपनीच्या जाहिरातीत पिनकोड टाकला की काम होतं. प्रभागाच्या सीमा आणि पिनकोड मात्र जुळत नाहीत. एका पिनकोडात दोन-तीन प्रभागांचे तुकडे येतात. नकाशावर टाचणी टोचून त्रिज्या द्यावी तर तीही ठरावीक मापाखाली जात नाही आणि वर्तुळ शेजारच्या प्रभागात शिरतं. त्यामुळे प्रभागाच्या निवडणुकीत बराच पैसा बाहेरच्या माणसांना दाखवण्यात जातो. तिथे भोंगा, पत्रक आणि घरभेट यांचा एका डोळ्यामागचा खर्च कमी पडतो. विधानसभेपासून वर मोबाइल परवडतो.

फेसबुक-इन्स्टावर राजकीय जाहिरात द्यायची तर आधी जाहिरात देणाऱ्याची ओळख पडताळणी, मग ‘पैसे कोणी दिले’ ही ओळ. पडताळणीला वेळ लागतो, म्हणून आचारसंहितेची वाट न पाहता आधीच करून ठेवा. ओळ न टाकता नेहमीच्या दुकानाच्या जाहिरातीसारखी सोडली की ती पकडून बंद होते, आणि बहुतेक वेळा शनिवारी रात्री. गूगलवर निवडणुकीच्या जाहिरातीला ठिकाण, वय, लिंग आणि पानाचा विषय एवढंच निवडता येतं. ‘अमुक शोधणारे लोक पुन्हा गाठा’ हे बंद. दोन्हीकडे सार्वजनिक संग्रह आहे. विरोधक कोणाला किती पैशांत काय दाखवतोय ते कोणीही पाहू शकतं, निरीक्षकही. साबणवाल्याला स्पर्धकाच्या खर्चाचा असा अंदाज सहज मिळत नाही.

शांतता काळ विसरू नका. मतदान संपण्याच्या ४८ तास आधी थांबायचं. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी सहापर्यंत होतं, म्हणजे जाहिरात १८ ला सहाला बंद. इथे एक बारीक फट आहे: खात्याची वेळ भारतीय ठेवलेली नसेल आणि ग्रीनिच असेल, तर सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. साडेपाच तास जाहिरात चालू. खातं उघडतानाच वेळ पाहा, नंतर बदलायला खटपट पडते.

सदर_बाजार

शेवटचा प्रश्न. आचारसंहिता लागली की जुनी फ्लेक्सं काढायला किती वेळ? ‘दोन दिवस’ असं ऐकलंय.

चार_बाय_आठ

जागेवर अवलंबून. सरकारी इमारत आणि तिचं आवार २४ तास. पूल, बसस्थानक, विजेचे खांब अशा सार्वजनिक जागा ४८ तास. खासगी मालमत्तेवरचं विनापरवानगी ७२ तास. खासगी भिंतीवर प्रचारात नवीन लावायचं तर मालकाची लेखी संमती हवी.

एजन्सीशी महिन्याचा करार असेल तर आचारसंहिता लागल्याच्या दिवसापासूनचं भाडं परत मिळेल का हे आधीच लिहून घ्या. नंतर कोणी देत नाही. आणि काढायला माणसं कमी पडली म्हणून तेच फ्लेक्स उलटं करून बांधणार असाल, तर साधं फ्लेक्स उन्हात मागून पारदर्शक होतं आणि चेहरा, चिन्ह दोन्ही उलटं पण स्वच्छ दिसतं. काळ्या पाठीचं असेल तरच उलटं करा, नाहीतर फ्रेमसकट खाली उतरवा. रिकामी फ्रेम खांबावर सोडली तर महापालिकेचं पथक तीही जप्त करून नेतं.